कड, ढाल, फलक: ‘टार्गा’ शब्दाच्या युरोपातील वाटा

इटलीत मोटारीच्या नंबरप्लेटीला ‘तार्गा’ म्हणतात. स्पेनमध्ये पाकिटातल्या कार्डाला ‘तार्खेता’, पोलंडमध्ये घड्याळाच्या तबकडीला ‘तार्चा’, ब्राझीलमध्ये औषधाच्या खोक्यावरच्या रंगीत पट्टीला ‘तार्झा’. स्वीडनमध्ये आइस हॉकीच्या मैदानाभोवतीचा कठडा ‘सार्य’ असतो. इंग्रजीतून मराठीत येऊन आता विमा एजंटापासून शाळेच्या मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांच्या तोंडी बसलेला ‘टार्गेट’ हाही याच घराण्यातला. नंबरप्लेट, कार्ड, तबकडी, पट्टी आणि लक्ष्य यांना जोडणारी वस्तू मधल्या मध्ये नाहीशी झाली आहे. ती वस्तू म्हणजे ढाल.

प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपाद्य असे की हा शब्द मुळात ढालीचा नव्हता. तो ‘कड’ या अर्थाचा होता. कडेवरून तो ढालीला लागला, ढालीबरोबर फ्रँक लोकांच्या मागोमाग युरोपभर गेला, आणि बंदुकीने ढालीला रणांगणातून बाहेर काढल्यावर ढालीचा फक्त दर्शनी पृष्ठभाग त्याच्यापाशी उरला. रक्षण हा ढालीचा मुख्य धर्म. बहुतेक भाषांत या शब्दाने नेमका तोच टाकून दिला. शब्द कोणत्या वाटेने गेला ते ध्वनींवरून कळते. वाटेतल्या लोकांना ढालीतले काय महत्त्वाचे वाटले ते अर्थावरून कळते. या दोन साक्षी स्वतंत्रपणे तपासल्या पाहिजेत, आणि ध्वनींची आधी, कारण अर्थ कुठूनही कुठेही नेऊन पोहोचवता येतो. ध्वनी तसे करू देत नाहीत.

ध्वनींची साक्ष

जुन्या नॉर्स भाषेत ‘टार्गा’ म्हणजे लहान गोल ढाल. जुन्या इंग्रजीत याच शब्दाचे रूप ढालीसाठी वापरलेले आढळते. मात्र जुन्या उच्च जर्मनमधल्या ‘त्सार्गा’चा अर्थ ढाल असा नव्हता. भांड्याची उभी बाजू, कड, चौकट हे त्याचे अर्थ. आजच्या जर्मनमध्ये ‘त्सार्गे’ म्हणजे दाराची चौकट. व्हायोलिनच्या वरच्या आणि खालच्या फळीला जोडणाऱ्या, बाजूने वळत जाणाऱ्या पातळ लाकडी पट्ट्यांनाही तेच नाव आहे.

‘ट’ आणि ‘त्स’ यांचा हा संबंध नियमाचा आहे. रास्मुस रास्कने 1818 मध्ये आणि याकोब ग्रिमने 1822 मध्ये जी ध्वनिव्यवस्था दाखवून दिली तिच्यानुसार मूळ भारोपीय ‘द’ जर्मानिक भाषांत ‘ट’ होतो, आणि पुढे दक्षिणेकडच्या उच्च जर्मन बोलींत शब्दारंभी त्याचा ‘त्स’ होतो. मराठी वाचकाला याचा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. आपला ‘दहा’, इंग्रजी ‘टेन’, जर्मन ‘त्सेन’. आपला ‘दोन’, इंग्रजी ‘टू’, जर्मन ‘त्स्वाय’. आपला ‘दात’, इंग्रजी ‘टूथ’, जर्मन ‘त्सान’. हा ‘त्स’ म्हणजे ‘चाक’ किंवा ‘चमचा’ उच्चारताना आपण काढतो त्या दंत्य ‘च’चा शेजारी. ‘टार्गा’ आणि ‘त्सार्गा’ याच रांगेत बसतात. म्हणून आदिजर्मानिक भाषेसाठी अभ्यासक ‘टार्गो’ असे रूप मांडतात आणि ते प्रत्यक्ष लिहिलेले सापडलेले नाही हे दाखवण्यासाठी त्याच्यापुढे तारकाचिन्ह देतात.

या एका ‘त्स’मुळे कालनिर्णयही होतो. उच्च जर्मनमधला हा बदल साधारण पाचव्या ते आठव्या शतकांदरम्यान घडला. ज्या शब्दाला तो लागला तो शब्द त्याआधीच तिथे होता, असे मानणे भाग आहे. त्यामुळे जुना एक तर्क निकालात निघतो. स्पॅनिशमध्ये ‘आदार्गा’ नावाची ढाल आहे. ती चामड्याची, मूर घोडेस्वारांची, आणि दोन लंबगोल एकमेकांना जोडल्यासारख्या आकाराची असते. डॉन किहोते या कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात नायकाच्या घरी ती आहे. हा शब्द अरबी ‘दरका’वरून आला, त्यातला आरंभीचा ‘आ’ हा अरबी ‘अल्’चा अवशेष. ‘दरका’ आणि ‘टार्गा’ यांच्यातल्या साम्यामुळे युरोपीय शब्दही अरबीतूनच आला असावा असे वाटणे साहजिक होते. पण अरब सैन्य स्पेनमध्ये उतरले 711 मध्ये. तोवर राइन आणि डॅन्यूबच्या वरच्या खोऱ्यांत हा शब्द ध्वनिबदलातून गेला होता किंवा जात होता. शिवाय तिथे त्याचा अर्थही ढालीचा नव्हता. आयात केलेल्या ढालीचे नाव व्हायोलिनच्या बाजूपट्टीला कसे लागेल? दोन ढालींची नावे योगायोगाने जवळ आली. इबेरियात ती शेजारी नांदली, कदाचित एकमेकींना आधारही दिला असेल, पण वंश दोन आहेत.

कडेवरून ढालीकडे

आता अर्थाचा पहिला प्रश्न: आधी कड की आधी ढाल? माझ्या मते याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. ‘कड’वरून ‘ढाल’ होणे ही आपल्या काव्यशास्त्रातली साधी लक्षणा आहे, अवयवाच्या नावाने अवयवीचा बोध. उलट दिशेने, ढालीवरून दाराच्या चौकटीकडे किंवा भांड्याच्या उभ्या बाजूकडे जायला कोणतीही नैसर्गिक पायरी नाही. त्यात भर म्हणजे जर्मानिक भाषांना ढालीसाठी दुसरा, अधिक जुना आणि सर्वत्र असलेला शब्द होताच: इंग्रजी ‘शील्ड’, जर्मन ‘शिल्ड’, स्वीडिश ‘शोल्ड’, गॉथिक ‘स्किल्दुस’. ‘टार्गा’ हे पुढे एका विशिष्ट ढालीला मिळालेले नाव.

कडच का निवडली जावी, हे ढाल कशी बनते ते पाहिले की उलगडते. उत्तर युरोपातली लाकडी ढाल पातळ फळ्या शेजारी शेजारी जोडून केलेली असे. तलवारीचा घाव कडेवर बसला की फळी रेषांच्या दिशेने चिरत आतपर्यंत जाई. म्हणून कड आवळून धरणे हाच ढाल करणाऱ्याच्या कौशल्याचा भाग. नॉर्वेत 1880 मध्ये उकरून काढलेल्या गोकस्ताद जहाजावर 64 ढाली होत्या, दोन्ही बाजूंना 32-32, आळीपाळीने पिवळ्या आणि काळ्या रंगवलेल्या. त्यांच्या परिघावर लहान छिद्रांची ओळ आहे, ती कडेला चामडे शिवण्यासाठी असावी. इंग्लंडचा राजा अ‍ॅथेलस्टन याच्या दहाव्या शतकातल्या कायद्यात तर स्पष्ट बंदी आहे: ढाल करणाऱ्याने ढालीवर मेंढीचे कातडे चढवू नये, चढवल्यास तीस शिलिंग दंड. मेंढीचे कातडे मऊ, ते वार पेलत नाही. ज्या समाजात ढालीच्या आवरणासाठी राजाज्ञा निघते तिथे आवरणाच्या, कडेच्या शब्दाने सगळी ढाल ओळखली जाणे यात नवल नाही.

या थरातला एक प्रवास सहसा दुर्लक्षित राहतो. वेल्श भाषेत ढालीला ‘तार्यान’ म्हणतात. हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या विभक्तिरूपावरून, ‘टार्गान’वरून घेतलेला आहे. वेल्शचा स्वतःचा ‘अस्गुइद’ हा लॅटिन ‘स्कूटुम’चा सजातीय शब्द होता, तो मागे पडला. म्हणजे वेल्श लोकांनी ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या लढाया केल्या त्यांच्याच ढालीचे नाव घरात घेतले. एकोणिसाव्या शतकात अ‍ॅबरडेअरहून निघणाऱ्या एका कामगार वृत्तपत्राचे नाव ‘तार्यान ई ग्वेइथ्युर’, कामगाराची ढाल, असे होते. आणि आधुनिक इंग्रजी ‘टार्गेट’ पुन्हा ‘तार्गेद’ होऊन वेल्शमध्ये आला. एकाच पाहुण्याने हजार वर्षांच्या अंतराने दोनदा त्याच घराचे दार ठोठावले.

फ्रान्समधला ‘ज’

युरोपभर पसरण्याचे काम मात्र उत्तरेच्या शब्दाने केले नाही. ते फ्रेंचने केले. पाचव्या शतकात गॉलमध्ये सत्ता मिळवलेल्या फ्रँक लोकांनी तिथल्या लॅटिनोद्भव बोलीला युद्धाचा शब्दसंग्रह मोठ्या प्रमाणावर दिला. खुद्द युद्धाचा फ्रेंच शब्द ‘गेर’ त्यांचा. शिरस्त्राणाचा ‘ओम’ आणि चिलखताचा ‘ओबेर’ हेही त्यांचेच. त्याच पंक्तीत फ्रँकिश ‘टार्गा’ आला आणि जुन्या फ्रेंचमध्ये ‘तार्ज’ झाला.

‘ग’चा ‘ज’ कसा झाला हे बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण पुढची सगळी वंशावळ त्यावर उभी आहे. मध्य फ्रान्सच्या बोलींत ‘अ’पूर्वीचा ‘ग’ तालव्य झाला. लॅटिन ‘लार्गा’ म्हणजे विपुल, तिचे फ्रेंचमध्ये ‘लार्ज’. लॅटिन ‘व्हिर्गा’ म्हणजे काठी, तिचे ‘व्हेर्ज’. ‘टार्गा’चे ‘तार्ज’ होणे याच नियमाने. हा बदल नवव्या शतकापूर्वी संपलेला होता, तर नॉर्स लोक नॉर्मंडीत स्थिरावले 911 च्या सुमारास. तेव्हा ‘तार्ज’ हा व्हायकिंगांनी आणलेला शब्द असू शकत नाही. तो त्यांच्याही आधीचा, फ्रँकांचा आहे.

आता हीच कसोटी शेजारच्या भाषांना लावू. स्पॅनिशमध्ये ‘लार्गा’ हा शब्द ‘ग’सकट तसाच टिकला. तिथे ‘अ’पूर्वीचा ‘ग’ तालव्य होत नाही. मग ढालीचा शब्द मात्र ‘तार्गा’ न राहता ‘तार्खा’ का? आजचा स्पॅनिश ‘ख’सारखा उच्चार हा मध्ययुगीन ‘झ’च्या जागी आलेला आहे, आणि तो ‘झ’ फ्रेंच ‘ज’चे उसने रूप. म्हणजे गॉथ लोकांनी स्पेनवर दोन शतके राज्य करूनही हा शब्द त्यांच्याकडून आलेला नाही. तो पिरेनीज ओलांडून फ्रेंच सरदारांबरोबर आला. पोर्तुगीज ‘तार्झा’चेही तेच.

इटालियनमध्ये परिस्थिती वेगळी. ‘तार्गा’तला ‘ग’ कठोर आहे. तो लाँगोबार्ड लोकांकडून आला असेल का? ते 568 मध्ये इटलीत उतरले आणि त्यांनीही इटालियनला पुष्कळ शब्द दिले. पण त्यांची बोली उच्च जर्मन ध्वनिबदलात सामील होती. सुळ्याला इटालियनमध्ये ‘झान्ना’ म्हणतात, तो लाँगोबार्डांचा दातवाचक शब्द, आपल्या ‘दंत’चा दूरचा भाऊ, आणि त्याच्या आरंभी अपेक्षेप्रमाणे ‘त्स’ वर्गातला ध्वनी आहे. त्या वाटेने आलेली ढाल ‘त्सार्गा’ झाली असती. ती ‘तार्गा’ आहे, त्या अर्थी ती फ्रँकांच्या अखत्यारीतून, उत्तर-पश्चिमेकडून आली. एका व्यंजनाने दोन राजवटींमध्ये निवाडा करावा, या गोष्टीचे मला आजही अप्रूप वाटते.

फ्रान्समध्ये खुद्द ढाल गेल्यावर शब्दाचे काय झाले? ‘तार्जेत’ म्हणजे छोटी तार्ज, हे दाराच्या सपाट अडसराचे नाव झाले, कारण तो अडसर ज्या धातूच्या पट्टीवर बसवतात ती ढालीच्या आकाराची असे. आणि ‘से तार्गे’ या क्रियापदाचा अर्थ झाला फुशारकी मारणे. मूळ अर्थ ढालीने स्वतःला झाकणे. झाकून घेणारा मग ढालीच्या जोरावर बढाया मारू लागला. इथेही कठोर ‘ग’ आहे, तो दक्षिणेच्या, इटालियन किंवा ऑक्सितान रूपाच्या प्रभावाने. प्रोवाँस प्रांतात होड्यांवर उभे राहून भाल्यांनी एकमेकांना पाण्यात पाडण्याचा खेळ आहे, त्याला तिथे ‘तार्गो’ म्हणतात. ढालीचा मूळ धर्म फ्रान्समध्ये त्या खेळापुरता अजून जिवंत आहे.

पूर्वेकडे: तबकडी आणि चाकती

चौदाव्या-पंधराव्या शतकांत घोड्यावरच्या भालाझुंजींसाठी वेगळी ढाल तयार झाली. तिच्या उजव्या कडेला भाला टेकवण्यासाठी खाच असे. फ्रेंच शब्दासकट ती जर्मनांनी घेतली आणि तिला ‘टार्त्शे’ म्हटले. फ्रेंच ‘ज’चा जर्मन कानांना ‘त्श’ ऐकू आला. अशा रीतीने जर्मनमध्ये एकाच शब्दाची दोन रूपे एकत्र आली: घरातून वारशाने आलेला ‘त्सार्गे’, आणि फ्रेंच दरबारात जाऊन सरदारी वेषात परतलेला ‘टार्त्शे’. पहिला सुतारांकडे राहिला, दुसरा उमरावांकडे.

पूर्वेकडे गेला तो दुसरा. चेक भाषेत ‘तेर्च’ म्हणजे नेमबाजीचे लक्ष्य. ढालीसाठी चेक लोकांनी आपला स्लाव्ह ‘श्तीत’ राखला. हंगेरियनमध्ये ढालीला ‘पायझ्’ हा वेगळाच शब्द आहे, आणि ‘तार्चॉ’ म्हणजे कुठलीही सपाट गोल चकती. तिच्यावरून फोन फिरवण्याचे क्रियापद ‘तार्चाझ्’ असे झाले, कारण जुन्या फोनला बोट घालून फिरवायची तबकडी असे.

पोलिशमध्ये या शब्दाने सर्वांत मोठी जागा बळकावली. ‘तार्चा’ म्हणजे ढाल, लक्ष्य, घड्याळाची तबकडी, मोटारीच्या ब्रेकची डिस्क, आणि शाळकरी मुलांच्या बाहीवर शिवायचा शाळेचा बिल्लासुद्धा. ढालीसाठी पोलिशचा स्वतःचा शब्द ‘श्चित’ होता, चेक ‘श्तीत’चा भाऊ. परक्या शब्दाने त्याला त्या अर्थातून हुसकले. आता ‘श्चित’ म्हणजे शिखर, आणि राष्ट्रप्रमुखांच्या शिखर परिषदेलाही तोच शब्द. 2020 मध्ये महासाथीच्या काळात पोलिश सरकारने उद्योगांसाठी मदतीचा जो कायदा केला त्याला ‘संकटविरोधी तार्चा’ असे नाव दिले. मी आरंभी म्हटले की या शब्दाने रक्षणाचा अर्थ बहुतेक ठिकाणी टाकला. पोलिश हा त्याला ठळक अपवाद आहे, आणि त्याचे कारण उघड आहे: तिथे त्याने मूळ शब्दाची जागा घेतली. इतर ठिकाणी तो जोडीला दुसरा शब्द असलेल्या घरात राहायला गेला होता.

इंग्लंड: जे वाचवते त्यावरच नेम

इंग्रजीने हा शब्द दोनदा घेतला. जुन्या इंग्रजीतले रूप मागे पडले आणि 1300 च्या आसपास फ्रेंचमधून ‘टार्ज’ आला, मृदू ‘ज’सह. त्याचे लघुत्वदर्शक रूप, छोटी ढाल, म्हणजे ‘टार्गेट’. इथला कठोर ‘ग’ अनपेक्षित आहे. त्याची संगती दोन प्रकारे लावतात: फ्रेंचमध्येच ‘तार्गेत’ असे ‘ग’धारी रूप होते, किंवा इटालियन ‘तार्गेत्ता’चा प्रभाव पडला. पहिल्याला एक आधार असा की उत्तर फ्रान्सच्या बोलींत ‘अ’पूर्वीचा ‘ग’ तालव्य होत नसे. फ्रेंच ‘जार्दाँ’ आणि इंग्रजी ‘गार्डन’ यांतला फरक त्याच कारणाने आहे.

‘टार्गेट’ म्हणजे ढाल हा अर्थ इंग्रजीत किती काळ टिकला हे 1611 च्या किंग जेम्स बायबलवरून दिसते. त्यात शलमोन राजा घडीव सोन्याचे दोनशे ‘टार्गेट’ करवतो, प्रत्येकाला सहाशे शेकेल सोने, आणि त्याशिवाय तीनशे ‘शील्ड’. गल्याथाच्या खांद्यांमध्येही पितळेचे ‘टार्गेट’ आहे. आजचा इंग्रज वाचक ही ओळ वाचून थबकतो.

ढाल प्रत्यक्षात सर्वांत उशिरापर्यंत वापरली ती स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात. तिथला ‘टार्ज’ म्हणजे सुमारे पन्नास सेंटिमीटर व्यासाची गोल ढाल. फळ्यांचे दोन थर असत, एकाच्या रेषा दुसऱ्याच्या रेषांना आडव्या, म्हणजे घावाने चीर गेली तरी ती एकाच थरात अडावी. वर गाईचे कातडे, पितळी खिळ्यांची वर्तुळाकार नक्षी, काहींच्या मध्यभागी अणकुचीदार खिळा. उजव्या हातात जाळीदार मुठीची रुंद तलवार, डाव्या हातावर टार्ज. 16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या माळावर सरकारी तोफा आणि संगिनींपुढे हे युद्धतंत्र संपले, आणि त्याच वर्षीच्या निःशस्त्रीकरण कायद्याने डोंगराळ मुलखातली शस्त्रे काढून घेतली. या डोंगराळ सैन्याचा नेता राजपुत्र चार्ल्स याचा चांदीने मढवलेला, मधोमध मेदुसेचे मुख असलेला टार्ज एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो पाहताना ही वस्तू लढण्यासाठी आहे की दाखवण्यासाठी, हा प्रश्न पडतो. उत्तर दोन्ही असे आहे, आणि सगळ्या अर्थपरिवर्तनाचे मूळ त्या दोन्हींत आहे.

‘टार्गेट’ हा शब्द नेमबाजीच्या गोल खुणेसाठी वापरात आला तो याच अठराव्या शतकाच्या मध्याला. त्याआधी इंग्रजीत त्यासाठी ‘मार्क’ आणि ‘बट’ हे शब्द होते. एकात एक वर्तुळे असलेला गोल फलक खांबावर उभा केला की तो खिळ्यांच्या वर्तुळांनी सजलेल्या लहान ढालीसारखा दिसतो. ढाल वापरातून गेली होती, शब्द मोकळा होता, आकार ओळखीचा होता. इथे अर्थ नुसता सरकला असे म्हणणे पुरेसे नाही. तो उलटला. अंगावर येणारा वार थांबवणारी वस्तू आता वार जिथे जावा ती जागा झाली. पुढे विसाव्या शतकात लष्करी आणि औद्योगिक नियोजनात ‘गाठायचा आकडा’ हा अर्थ रुळला, आणि मराठीत आपण शब्द उचलला तो प्रामुख्याने या शेवटच्या अर्थाने. स्कॉटिश गेलिकमध्ये ‘तार्गाद’ अजून ढालही आहे आणि लक्ष्यही.

फलक, पत्र, पट्टी

ढालीवर कुलचिन्ह रंगवले जाई. शिरस्त्राणाने चेहरा झाकला गेला की माणूस ढालीवरून ओळखला जाई. ढालीचे हे दुसरे काम आपल्याला अपरिचित नाही. मराठी फौजांत ‘ढाल’ हे मोठ्या निशाणाचेही नाव होते, आणि ते निशाण वाहणारा हत्ती तो ढालगज. जर्मनमध्ये ‘शिल्ड’ हा शब्द नपुंसकलिंगी वापरला की त्याचा अर्थ दुकानाची पाटी. तीच पाटी पोलिशमध्ये ‘शिल्द’ होऊन गेली. डच ‘स्खिल्डर’ म्हणजे चित्रकार, मुळात ढाली रंगवणारा. लॅटिन ‘स्कूटुम’वरून आलेला पोर्तुगीज ‘एस्कूदो’ हे ढालीचे नाव नाण्याला लागले, कारण नाण्यावर राजचिन्हाची ढाल होती. 1961 पूर्वीच्या शेवटच्या थोड्या वर्षांत गोव्यातही एस्कूदो हे चलन होते. तीन वेगवेगळ्या मुळांचे शब्द एकाच दिशेने गेले, यावरून दिशा ढालीच्या उपयोगातून आली हे सिद्ध होते.

स्पॅनिश ‘तार्खेता’ या दिशेचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. आधी छोटी चिन्हांकित ढाल. मग इमारतीच्या दर्शनी भागावर लेख किंवा चिन्ह कोरण्यासाठी बसवलेला सपाट फलक. मग नकाशाच्या कोपऱ्यात शीर्षक लिहिण्याची नक्षीदार चौकट. मग नाव छापलेले भेटपत्र. पुढे टपालाचे कार्ड, बँकेचे कार्ड. फुटबॉलमध्ये पिवळे आणि लाल कार्ड पहिल्यांदा विश्वचषकात आले ते 1970 मध्ये, स्पॅनिश बोलणाऱ्या मेक्सिकोत, आणि तिथे तेही ‘तार्खेता’च. फिलिपिन्समध्ये हा शब्द ‘तार्हेता’ म्हणून पोहोचला.

इटलीत ‘तार्गा’ स्मृतिफलक झाली, पाटी झाली, पारितोषिकाचा धातूचा फलक झाली. व्हिन्चेन्सो फ्लोरिओने 1906 मध्ये सिसिलीच्या मादोनिए डोंगरांतल्या रस्त्यांवर मोटारशर्यत सुरू केली तिचे नाव ‘तार्गा फ्लोरिओ’, म्हणजे फ्लोरिओ फलक. ती शर्यत अनेकदा जिंकलेल्या पोर्शे कंपनीने 1965 मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात छताचा मधला भाग काढता येणारी 911 मोटार मांडली आणि तिला ‘टार्गा’ नाव दिले. त्यामुळे जर्मनांच्या घरात आता तीन रूपे आहेत: वारशाचा ‘त्सार्गे’, फ्रेंच वळणाचा ‘टार्त्शे’ आणि सिसिलीहून मोटारीत बसून आलेला ‘टार्गा’.

पोर्तुगीज ‘तार्झा’ने मात्र एक विलक्षण वळण घेतले. ढालीवरून ती ढालीभोवतीच्या नक्षीकडे गेली, तिथून कागदाच्या कडेच्या पट्टीकडे. दुखवट्याच्या पत्रांची काळी कड ती ‘तार्झा’. ब्राझीलमध्ये मनोविकारांवरच्या नियंत्रित औषधांच्या खोक्यावर काळी पट्टी असते, आणि लोक त्या औषधांना ‘काळ्या तार्झाची’ म्हणून ओळखतात. पोर्तुगीजांना आदिजर्मानिक अर्थ ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. तरी शब्द कडेपासून निघून कडेपाशी पोहोचला, कारण ढालीची रचनाच कडेकडे लक्ष वेधणारी.

स्वीडिश ‘सार्य’ मात्र कधी ढाल झालाच नाही. तो जर्मन ‘त्सार्गे’वरून थेट आला. सुतारकामातली चौकट, मग बर्फाच्या मैदानाचा कठडा. स्वीडिशमध्ये ‘त्स’ नसल्याने आरंभीचा ध्वनी ‘स’ झाला. नॉर्स पूर्वजांचा ‘टार्गा’ हरवलेल्या देशात त्याच शब्दाचा दक्षिणी भाऊ दुसऱ्या नावाने नांदतो आहे.

आणखी मागे

‘टार्गो’च्या मागे भारोपीय धातू कोणता? युलिउस पोकोर्नीच्या व्युत्पत्तिकोशात तो ‘पकडणे, मुठीत घेणे’ या अर्थाच्या धातूखाली दिला आहे. त्याच धातूखाली ग्रीक ‘द्राख्मे’ आहे, मूळ अर्थ मूठभर, पुढे नाण्याचे नाव. ग्रीकांकडून हे नाणे भारतात आले, संस्कृतात ‘द्रम्म’ झाले, कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्मांचे उल्लेख आहेत, आणि त्याच ‘द्रम्म’चा आपला ‘दाम’, दामदुपटीतला. ही वंशावळ खरी ठरली तर दाम आणि टार्गेट हे सख्खे नसले तरी चुलत ठरतील.

ध्वनींच्या बाजूने तिला हरकत नाही. आरंभीच्या ‘द’चा ‘ट’ आणि शेवटच्या महाप्राण ‘घ’चा ‘ग’ नियमाप्रमाणे होतात, ग्रीकमध्ये त्याच ‘घ’चा ‘ख’ होतो. अडचण अर्थाची आहे. मुठीत धरणे आणि कड यांच्यामध्ये ‘वेढून धरणारी चौकट’ अशी पायरी कल्पावी लागते, आणि त्या पायरीवर उभा असलेला एकही शब्द कुठल्या भाषेत दाखवता येत नाही. कड आणि ढाल यांच्यामध्ये जुन्या उच्च जर्मन व नॉर्स अशा दोन्ही टोकांचे साक्षीदार आहेत. ढाल आणि कार्ड यांच्यामध्ये स्पॅनिशने प्रत्येक पायरी जपून ठेवली आहे. द्राख्मेच्या दाव्याला असा साक्षीदार नाही. म्हणून ‘टार्गेट’ची वंशावळ आदिजर्मानिक ‘कड’पाशी थांबवावी, आणि ‘दाम’ तिच्या बाहेर ठेवावा, असे माझे मत आहे.